ठिपके गेले म्हणून मी खूश झाले होते

तर झालं असं की माझ्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या पेटीसाठी मी पावडर ब्लू टँग घेतला. आधीच सांगते, टँग म्हणजे मासा आणि टँक म्हणजे पेटी, टाइप करताना माझा दरवेळी गोंधळ होतो, कुठे चुकलं तर समजून घ्या. घेतला कारण तो विक्रीच्या टँकमध्ये मस्त खात होता, पोट भरलेलं, रंग चकचकीत, श्वास व्यवस्थित, आणि मला वाटलं एवढा धडधाकट मासा क्वारंटाइन कशाला करायचा, उगाच त्याला बारक्या पेटीत कोंडून स्ट्रेस. पिशवी अर्धा तास तरंगवली, थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घातलं, आणि सोडला सरळ डिस्प्लेमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य पेटीत. तिथे आधीचे पाच होते, दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक सिक्स लाइन रॅस आणि एक बांगाई कार्डिनल. शिवाय कोरल, क्लीनर श्रिंप, गोगलगायी वगैरे संसार.

पाचव्या दिवशी टँगच्या परांवर पांढरे ठिपके दिसले. मीठ भुरभुरल्यासारखे. जेवत होता पण मधेच दगडाला अंग घासून वळायचा. मी घाबरले, वाचत बसले, लोक म्हणतात लसणाचा रस खाण्यात घाला, घातला. तीन दिवसांनी ठिपके गायब! इतकी खूश झाले की विचारू नका, ज्याला त्याला लसूण सुचवत सुटले.

साधारण आठवडाभराने ते परत आले. या वेळी मोजता येणार नाहीत इतके, आणि सगळ्यांच्या अंगावर. क्लाउनफिशच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तर ते दिसतही नव्हते, नारिंगी भागावर दिसले म्हणून कळलं.

इथे लसणाने काही केलंच नव्हतं हे मला खूप उशिरा समजलं, आणि ते समजायला या किड्याचं आयुष्य समजून घ्यावं लागतं. थोडं रटाळ आहे पण वाचाच, कारण पुढचं सगळं यावरच आहे. मरीन इच म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, एकपेशीय जीव आहे. पाण्यात पोहणारं पिल्लू मासा शोधतं आणि त्याच्या कातडीत शिरतं, कातडीवर नाही, कातडीच्या आत. तिथे ३ ते ७ दिवस खाऊन फुगतं, आणि तो फुगलेला जीव म्हणजे आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका. मग तो माशावरून गळून पडतो, तळावर काही तास सरपटतो, आणि वाळूला, दगडाला, काचेला, पंपाला, कशालाही चिकटून स्वतःभोवती टणक कवच करतो. कवचाच्या आत विभागणी चालू, एकाचे शेकड्याच्या घरात होऊ शकतात. मग कवच फुटतं आणि पिल्लं बाहेर. हे फुटणं बहुतेक वेळा अंधारात, पहाटेच्या आधी होतं, म्हणजे मासे दगडाच्या फटीत तळाशी झोपलेले असतात अगदी तेव्हाच. चोर किती हुशार बघा.

म्हणजे ठिपके "गेले" तेव्हा ते बरे होऊन गेले नव्हते, जेवून उठून पोरं काढायला गेले होते.

आणि औषधाच्या दृष्टीने यातली कातडीखालची अवस्था सुरक्षित, कवचातली अवस्थाही सुरक्षित. मारता येतं फक्त पोहणाऱ्या पिल्लाला. म्हणून कुठलंही औषध दोन दिवसांत काम करूच शकत नाही, पाण्यात औषधाची पातळी सलग इतके दिवस ठेवायची की प्रत्येक ठिपका गळेल, प्रत्येक कवच फुटेल आणि प्रत्येक पिल्लू औषधात येऊन मरेल. "रीफ सेफ" (म्हणजे कोरलच्या पेटीला चालणारी) लिहिलेली बाटली मी त्याच आठवड्यात आणून ओतली होती, कोरलला काही झालं नाही हे खरंय, इचलाही काही झालं नाही. आणि क्लीनर श्रिंपकडून आशा ठेवणाऱ्यांनी सोडून द्या, तो माशाची मेलेली कातडी वगैरे टिपतो, कातडीच्या आत बसलेला किडा त्याच्या हाताला लागत नाही.

मग कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध. कॉपर डिस्प्लेमध्ये टाकता येत नाही, श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळे मरतात, वर दगड आणि वाळू ते कॉपर शोषून घेतात, म्हणजे पातळीही टिकत नाही आणि तो दगड पुढे रीफला वापरायची हिंमतही होत नाही. म्हणून मासे बाहेर काढायचे, वेगळ्या टँकमध्ये उपचार, आणि डिस्प्ले बिनमाशांचा ठेवायचा. वाचायला एक ओळ आहे ही. प्रत्यक्षात सिक्स लाइन रॅस पकडायला मला दोन दिवस लागले. सगळे दगड उपसले, पाणी गढूळ, कोरलचे दोन तुकडे मोडले, आणि हा पठ्ठ्या एका भोकातून दुसऱ्या भोकात. शेवटी बाबांनी खोलीतले दिवे बंद केले आणि म्हणाले, "अगं झोपू दे त्याला, मग उचल." तसंच झालं. तो रात्री फटीत स्वतःभोवती चिकट पडदा करून झोपलेला, तसाच छोट्या डब्यात घेतला. (जाळी शक्यतो वापरू नका, परांचे काटे अडकतात आणि टँगच्या शेपटीजवळचं पातं तर हमखास.)

क्वारंटाइन टँक म्हणजे काही शोभेची वस्तू नाही. उघडा तळ, वाळू नाही, दगड नाही, एक हीटर, एक थर्मामीटर, एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो आणि टी, आणि वर झाकण. झाकण विसरू नका, घाबरलेला रॅस कुठल्याही फटीतून उडी मारतो. फिल्टरमधला कार्बन काढून टाकायचा, यूव्ही दिवा असेल तर बंद. एअर स्टोन जास्तीचा, कारण औषधांमुळे ऑक्सिजन कमी पडतो आणि कल्ले आधीच खराब झालेले असतात.

इथपर्यंत मी बरोबर केलं. चूक पुढे आहे.

माझा स्पंज नवा कोरा होता. म्हणजे त्यात अमोनिया खाणारे बॅक्टेरिया नव्हते. सहा मासे, सत्तरेक लिटरची पेटी, मी दिवसातून दोनदा खायला घालतेय कारण "आजारी आहेत बिचारे". बाटलीतले बॅक्टेरिया ओतले होते पण कॉपरमध्ये ते हळू बसतात, आणि मी ठिपके मोजण्यात इतकी गुंग की अमोनिया तपासायचं भानच नाही. सहाव्या दिवशी सकाळी कार्डिनल तळाशी आडवा, कल्ले लालभडक. अंगावर ठिपका एक नाही. तो इचने गेला नाही, तो माझ्याच टँकच्या पाण्याने गेला. ते अजून बोचतं, कारण इचमधून तो बहुतेक वाचला असता.

घाबरून मी अमोनिया निष्प्रभ करणारं कंडिशनर ओतणार होते, बाटली हातात होती, पण तेवढ्यात लेबल वाचलं. काही कंडिशनर कॉपरची रासायनिक अवस्था बदलून त्याला कितीतरी जास्त विषारी करतात, दोन्ही एकत्र चालत नाहीत. त्यामुळे पाणी बदलणं हाच उपाय, तेही नव्या पाण्यात आधी तेवढंच कॉपर मिसळून, नाहीतर पातळी घसरते आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. पुढचे बारा दिवस मी रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं. बाबा जुन्या डायरीत रोजचा आकडा लिहायचे, तारीख, कॉपर, अमोनिया, कोण जेवलं कोण नाही, एका रांगेत, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना लेजर लिहायला मिळालं होतं.

कॉपरच्या मोजणीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण यात सगळे आपटतात. कॉपर एका प्रकारचं नसतं. साधं आयॉनिक कॉपर असेल तर उपचाराची पातळी ०.१५ ते ०.२० पीपीएमच्या आसपास, आणि चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेलं) असेल तर साधारण २ ते २.५ पीपीएम, म्हणजे दहा पटींहून जास्त फरक. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर मासा मरतो नाहीतर किडा जगतो. त्यामुळे आधी आपल्या बाटलीत काय आहे ते वाचायचं, आणि आपलं टेस्ट किट तो प्रकार मोजू शकतं का तेही बघायचं, काही रंगवाली किटं चिलेटेड कॉपर धड दाखवतच नाहीत, आणि पिवळट निळा की निळसर पिवळा हे ट्यूबलाइटखाली ठरवणं म्हणजे नुसता अंदाज. डिजिटल चेकर घेतला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दुसरं म्हणजे डोस टँकच्या नावावर नाही, आतल्या पाण्यावर. पेटी ७५ लिटरची म्हणून विकली जाते, पण ती आपण काठोकाठ भरत नाही, माझ्यात खरं पाणी ६२ लिटर होतं, बादलीने मोजून बघितलं. पहिल्या दोन दिवसांत मी ७५ चा हिशोब धरलेला, पातळी वर गेली आणि रॉयल ग्रामाने खाणं सोडलं. पाणी बदलून खाली आणली, मग दोन दिवसांत सावकाश परत वर नेली, तेव्हा तो पाइपमधून बाहेर आला.

एकदम पूर्ण डोस देऊ नका, दोन-तीन दिवसांत चढवा. आणि मँडरिन, शार्क, रे, ईल असल्या माशांना कॉपर सोसत नाही, ड्वार्फ एंजलबाबतही जपून.

पूर्ण पातळी गाठल्यापासून ३० दिवस. मधे एक दिवस जरी पातळी खाली गेली तरी पुन्हा एकपासून. दुसरी एक पद्धत आहे, १४ दिवस कॉपर आणि मग मासे पूर्ण निर्जंतुक अशा दुसऱ्या टँकमध्ये, कारण तोवर माशावर काही उरलेलं नसतं आणि तळावर चिकटलेली कवचं जुन्या पेटीतच राहतात. माझ्याकडे तेव्हा दुसरी पेटी नव्हती, म्हणून ३०.

इकडे डिस्प्लेमध्ये मासे नाहीत. याला फॅलो म्हणतात, म्हणजे शेत पडीक ठेवतात ना, तसं. किड्याला मासा मिळाला नाही की पोहणारं पिल्लू एक-दोन दिवसांत मरतं, त्यातही माशात शिरायची ताकद पहिल्या सहा-आठ तासांतच ओसरायला लागते. पण कवच कधी फुटेल याचा नेम नाही. बहुतेक ३ ते २८ दिवसांत फुटतात, पण प्रयोगात एक कवच ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, म्हणून लोक ७६ दिवस धरतात. पाणी उबदार, २७ डिग्रीच्या आसपास ठेवलं तर सहा आठवड्यांत भागतं असं म्हणणारेही आहेत. मी ७६ ठेवले, कारण परत रॅस पकडायची माझ्यात ताकद नव्हती. श्रिंपला थोडं खाणं टाकत राहायचं, नाहीतर बॅक्टेरिया उपाशी राहून कमी होतात आणि मासे परत आले की अमोनिया. आई रोज जाता येता म्हणायची, "अगं त्या रिकाम्या पाण्यात काय बघत बसतेस?" रिकामं कुठलं, शेवाळ आणि छोटे छोटे किडे इतके वाढले होते, मासे नसताना टँकमध्ये काय काय राहतं ते तेव्हाच दिसलं.

फॅलो चालू असताना एक ओला हात पुरतो. क्यूटीत, म्हणजे क्वारंटाइन टँकमध्ये, हात घातला, तो तसाच डिस्प्लेत घातला, की ७६ दिवसांची गणती गेली. बादल्या वेगळ्या, नळ्या वेगळ्या, टॉवेलसुद्धा वेगळा, मी क्यूटीच्या सगळ्या सामानावर लाल चिकटपट्टी लावली होती. आणि आधी डिस्प्लेचं काम उरकायचं, मग क्यूटीचं, उलटं कधीच नाही. दोन्ही टँक लांब ठेवा, शक्य असेल तर वेगळ्या खोलीत, कारण वेल्व्हेट नावाच्या दुसऱ्या आजाराचे जीव तर बुडबुडे फुटून उडणाऱ्या तुषारांतून हवेतून ३ मीटरपर्यंत गेलेले प्रयोगात दिसलेत.

वेल्व्हेटचं नाव निघालंच आहे तर, ते इचपेक्षा वेगळं प्रकरण आहे. अमायलूडिनियम ओसेलॅटम, एका कवचातून २५६ पर्यंत पिल्लं. ठिपके दिसले तर मिठासारखे नाही, पिठासारखे बारीक, बाजूने टॉर्च मारला की सोनेरी धूळ. पण बहुतेक वेळा ते आधी कल्ल्यांत बसतं, अंगावर काही दिसायच्या आत मासा दोन दिवसांत जातो. मासा उजेड टाळतोय, पंपाच्या धारेत तोंड करून उभा आहे, श्वास भराभर, खाणं बंद, हे दिसलं तर ठिपक्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी बाहेर काढा. गंमत म्हणजे या दोन्ही आजारांच्या जीवांना नाव देणारी व्यक्ती एकच, ई. एम. ब्राऊन, एकाचं वर्णन १९३१ चं आणि दुसऱ्याचं १९५१ चं. वीस वर्षं माशांच्या कल्ल्यांत डोकं घालून बसायचं म्हणजे बघा, आपण ३० दिवसांना कंटाळतो.

क्लाउनफिशवर चिकट पांढरा थर सोलल्यासारखा सुटायला लागला तर तो ब्रुकलिनेला, हा आणखी एक परजीवी, तिथे कॉपर भरवशाचं नाही, फॉर्मलिन लागतं. ते माणसाला घातक आहे, हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यात, माझ्यावर ती वेळ आली नाही म्हणून जास्त बोलत नाही.

तर माझे ३० दिवस संपले. ठिपके शून्य, सगळे जेवतायत, आणि तरी क्लाउनफिशमधली मोठी पाइपला अंग घासतेच आहे. मला रडू यायचं बाकी होतं. परत इच? बाबांच्या डायरीत बघितलं तर कॉपर एकदाही खाली गेलेलं नव्हतं. मग गोड्या पाण्याचा डिप दिला, आणि तो एकदा तरी द्यावाच असं माझं मत झालंय, औषध म्हणून कमी आणि तपासणी म्हणून जास्त. छोट्या काळ्या टबमध्ये क्लोरिन काढलेलं गोडं पाणी, तापमान टँकइतकंच, पीएच खायच्या सोड्याने टँकइतका आणलेला, एअर स्टोन आधी तासभर लावून ठेवलेला. मासा सोडला की तो आडवा पडतो, मेल्यासारखा तरंगतो, बघवत नाही, पण पाच मिनिटं धीर धरायचा, फारच वेडावाकडा वागला तर आधी काढायचा. तिसऱ्या मिनिटाला टबच्या काळ्या तळावर पांढरे तुकडे दिसायला लागले, नखाच्या कपच्यांसारखे, चपटे. अंगावर असताना ते पारदर्शक असतात, गोड्या पाण्यात पांढरे पडून गळतात. फ्लूक. चपटे कृमी, आणि कॉपरचा त्यांच्यावर काहीच परिणाम नाही. महिनाभर ते तिच्या अंगावर आरामात राहत होते.

फ्लूकसाठी प्राझिक्वाँटेल हे कृमींवरचं औषध, लिटरला २.५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने, आणि साधारण आठवड्याने पुन्हा एकदा, कारण पहिला डोस अंड्यांना मारत नाही. अंड्यांना चिकट दोरे असतात, ती स्पंजला, पाइपला अडकून बसतात. प्राझीने पाणी ढगाळ होतं आणि ऑक्सिजन उतरतो, त्यामुळे हवा वाढवून ठेवायची. दुसऱ्या डोसनंतर मोठीने घासणं बंद केलं.

कॉपर नको असेल त्यांच्यासाठी हायपोसॅलिनिटी पण आहे, खारेपणा १.०२५ वरून १.००९ वर आणून महिनाभर ठेवायचा. इचला चालतं, वेल्व्हेटला नाही. मी ते केलं नाही कारण खारेपणा मोजायचा माझा रिफ्रॅक्टोमीटर मी कधी कॅलिब्रेटच केला नव्हता, १.००९ दाखवतोय आणि खरं १.०१२ आहे तर महिना वाया.

आता नवीन मासा आणला की मी टँक ट्रान्सफर करते. औषधच नाही यात. दोन सारख्या पेट्या, मासा पहिल्या दिवशी एकीत, मग ४, ७, १०, १३ व्या दिवशी दुसरीत, परत पहिलीत, असं. किडा माशावर जास्तीत जास्त सातेक दिवस राहतो आणि गळून पडल्यावर नवी पिल्लं सोडायला त्याला किमान तीन दिवस लागतात, त्यामुळे दर ७२ तासांच्या आत मासा पुढे सरकला की किडा मागेच राहतो, नुसता वेळेचा खेळ. मासा हलवताना जुनं पाणी जवळपास न्यायचंच नाही, आणि मोकळी पेटी, हीटर, पाइप सगळं धुऊन कडकडीत वाळवायचं. तीन दिवसांत अमोनियाही फार चढत नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. वेल्व्हेटवर हे चालत नाही म्हणून १३ दिवसांनंतरही मी दोन आठवडे बाजूला ठेवून नजर ठेवते.

बाबांना ही पद्धत भलतीच आवडलीय. म्हणाले, "माझ्या अख्ख्या नोकरीत एवढ्या बदल्या झाल्या नाहीत गं." डायरीत त्यांनी कॉपरचा रकाना खोडून वर "बदली क्र." लिहिलंय.

सध्या पेटीत नवा कार्डिनल आहे, नववा दिवस, पाइपच्या तोंडाशी बसून बाहेर बघतोय, सकाळी दोन घास खाल्ले. उद्या सकाळी दहाला तिसरी बदली, म्हणजे आज रात्रीच मीठ मिसळून हीटर लावून ठेवायला पाहिजे.